तोल सांभाळणारा लहान मेंदू
(गगनबावडा येथील वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



आपल्या मेळाव्यात बहुधा वसतिगृह, शिष्यवृत्त्या आणि वधूवर-सूचक मंडळ यांविषयी भाषणे होतात, आणि ती व्हावयासच हवीत. आज मात्र आम्ही आपले लक्ष मस्तकाच्या मागील भागात असलेल्या एका लहानशा अवयवाकडे वेधणार आहोत. या विषयाचा ज्ञातीशी काय संबंध, अशी शंका कोणास येईल. तिचे उत्तर एका हकीकतीने द्यावे हे बरे.

आमच्या परिचयाचे एक गृहस्थ होते. सुपारीचे खांडही न खाणारे, अत्यंत सोवळ्या वृत्तीचे. एका लग्नाच्या मांडवात पंगतीतून उठताना त्यांचा झोक गेला, पाय फाकून भिंतीच्या आधाराने ते बाहेर गेले, आणि त्यांची जीभही जड झालेली दिसली. मांडवात कुजबूज झाली. ती कुजबूज आम्हीही खरी मानली, हे आज कबूल केले पाहिजे. त्यांच्या कन्येच्या विवाहाची बोलणी त्यानंतर दोन ठिकाणी फिसकटली. पुढे कळले ते असे की, गृहस्थांनी दारूचा थेंबही घेतला नव्हता. त्यांचा लहान मेंदू आजारी होता.

हा लहान मेंदू म्हणजेच अनुमस्तिष्क. मोठ्या मेंदूच्या मागच्या बाजूस, त्याच्या खाली आणि मस्तिष्कस्तंभाच्या पाठीशी तो वसलेला असतो. त्याचे वजन सुमारे दीडशे ग्रॅम, म्हणजे सगळ्या मेंदूच्या जेमतेम एक दशांश. त्यास उजवा व डावा असे दोन गोलार्ध असून मध्ये एक चिंचोळा पट्टा असतो. त्याच्या पृष्ठावर इतक्या बारीक घड्या असतात की, पुस्तकाची पाने दाटीने मिटून ठेवल्याचा भास व्हावा. आकाराने धाकटा असला तरी त्याचा परिवार मोठा आहे. मनुष्याच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी असतात व त्यांपैकी सुमारे ६९ अब्ज एकट्या लहान मेंदूत राहतात. त्यांतील सर्वांत देखण्या पेशींचे वर्णन बोहेमियाचे शास्त्रज्ञ पुरकिन्ये यांनी १८३७ साली केले. विस्तीर्ण फांद्यांच्या झाडासारख्या दिसणाऱ्या अशा एका पेशीवर लाखाहून अधिक तंतूंचे निरोप येऊन पोचतात.

मग हा अवयव करतो काय? फ्रेंच शास्त्रज्ञ फ्लुराँ यांनी १८२४ च्या सुमारास कबुतरांचा लहान मेंदू काढून पाहिला. पक्षी लुळे पडले नाहीत. त्यांचे पंख व पाय हलत होते, परंतु त्या हालचालींचा परस्परांशी मेळ राहिला नव्हता. पहिल्या महायुद्धात डोक्याच्या मागे गोळी लागलेल्या सैनिकांची इंग्लंडचे डॉक्टर गॉर्डन होम्स यांनी बारकाईने तपासणी केली. ज्या बाजूचा लहान मेंदू जखमी झाला होता, त्याच बाजूचा हात व पाय अडखळत असे. मोठ्या मेंदूची उजवी बाजू शरीराच्या डाव्या अंगावर हुकमत चालविते; लहान मेंदू मात्र आपापल्या बाजूचेच पाहतो.

आपल्या गगनबावड्याचेच उदाहरण घ्या. आषाढातला पाऊस कोसळत असतो, धुक्यात चार हातांवरचे दिसत नाही, आणि आपली भगिनी डोक्यावर भाताच्या रोपांचा भारा घेऊन निसरड्या बांधावरून चालत जाते. ‘पुढे चल’ हा हुकूम मोठा मेंदू सोडतो व त्याची एक प्रत लहान मेंदूकडे जाते. त्याच क्षणी पायांचे स्नायू, सांधे व कानाच्या आतील तोलाचे इंद्रिय ‘प्रत्यक्षात काय घडले’ ते कळवितात. ठरलेले आणि घडलेले यांची तुलना करून लहान मेंदू तत्काळ दुरुस्ती सुचवितो: टाच किंचित आत, कंबर किंचित डावीकडे. हा सारा हिशेब तिला कळतही नाही. तालमीत पोराचा डाव पहिल्यांदा चुकतो, शंभरदा केल्यावर अंगी मुरतो. त्या मुरण्यातही लहान मेंदूचा फार मोठा वाटा आहे. चूक ध्यानात ठेवून पुढची हालचाल सुधारणे हा त्याचा धर्मच होय.

हा हिशेबनीस आजारी पडला की माणूस लुळा होत नाही, बेताल होतो. तो पाय फाकून चालतो, अक्षर वेडेवाकडे होते, शब्द तुटक येतात, पेल्याकडे नेलेला हात जसजसा जवळ जाईल तसतसा अधिक थरथरतो. मद्यपी झिंगतो तोही बऱ्याच अंशी मद्याने हाच अवयव मंदावल्यामुळे. आणि वर्षानुवर्षांच्या व्यसनाने त्यातील पेशी कायमच्या नाश पावतात. यामुळेच निर्व्यसनी रुग्ण आणि मद्यपी दुरून सारखे दिसतात व निरपराध्यावर आळ येतो.

याची कारणे अनेक आहेत. काही जीवनसत्त्वांचा अभाव, अवटू ग्रंथीचा विकार किंवा फेपरावरील काही औषधांची मात्रा अधिक होणे, ही वेळीच ओळखल्यास बहुधा आटोक्यात येतात. परंतु अचानक भोवळ, ओकाऱ्या आणि उभेही राहता न येणे, हे लहान मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकल्याचे किंवा रक्तस्राव झाल्याचे लक्षण असू शकते. ‘पित्त झाले असेल’ म्हणून लिंबू-पाणी देऊन निजवू नका. गुठळी विरघळविणारे औषध साधारणतः साडेचार तासांच्या आतच द्यावे लागते, आणि येथून कोल्हापूर सुमारे ५५ किलोमीटर दूर आहे.

आता आनुवंशिक प्रकाराकडे वळू. मुंबईचे मेंदूरोगतज्ज्ञ डॉ. नोशीर वाडिया यांनी आपले सहकारी डॉ. स्वामी यांच्यासह १९७१ साली नऊ कुटुंबांतील एका विकाराचे वर्णन ‘ब्रेन’ या विख्यात नियतकालिकात प्रसिद्ध केले. त्या रुग्णांचा तोल तर जात होताच, शिवाय डोळ्यांची हालचालही विलक्षण मंद होती. या विकाराच्या एका प्रमुख प्रकाराचे जनुक १९९६ साली सापडले. त्यातील तीन अक्षरांचा एक संच वाजवीपेक्षा अधिक वेळा पुनःपुन्हा लिहिला गेलेला असतो. माता किंवा पिता यांपैकी एकास हा दोष असला तर प्रत्येक अपत्यास, मग तो मुलगा असो वा मुलगी, तो मिळण्याचा संभव निम्मा असतो. अशाच दुसऱ्या एका प्रकाराचे रुग्ण भारतात मुख्यत्वे उत्तरेकडील अगरवाल समाजात आढळले आहेत. यात त्या समाजाचा कोणताही दोष नाही. पिढ्यान्‌पिढ्या आपसांत सोयरिकी करणाऱ्या कोणत्याही ज्ञातीत असे घडू शकते, आणि आपणही त्यांतलेच आहोत. काही प्रकार मात्र आई व वडील या दोघांकडूनही दोष आला तरच प्रकट होतात. अशा वेळी मामाच्या मुलीशी विवाह करण्याची आपली रीत धोका वाढविते.

आमच्या त्या स्नेह्यांचे निदान झाले तेव्हा उमगले की, त्यांचे वडील व चुलते यांनाही उतारवयात ‘वाऱ्याचा विकार’ होता. त्यांच्या आनुवंशिक विकारावर अद्याप मुळातून बरे करणारे औषध नाही. तथापि तोलाचे व्यायाम, काठीचा आधार आणि घरच्यांची समजूत यांनी त्यांची पुढील वर्षे पुष्कळ सुसह्य झाली. मांडवातल्या कुजबुजीवर मात्र औषध त्यांच्यापाशी नव्हते. ते आपल्यापाशी होते, आणि आपण ते दिले नाही.

म्हणून ज्ञातिबांधवांना आमची तीन मागणी आहेत. कोणाचा तोल जाताना दिसला तर आधी हात द्यावा, वैद्याकडे न्यावे, निकाल देऊ नये. घराण्यात असा विकार असल्यास तो झाकून ठेवू नये. सोयरीक ठरण्यापूर्वी तज्ज्ञाचा सल्ला घ्यावा, आणि त्यासाठी कोणत्याही लेकीला वा सुनेला बोल लावू नये. आणि वधूवर-मंडळाने पत्रिका जुळविण्यास जितका वेळ दिला, त्याच्या निम्मा तरी आरोग्याच्या मोकळ्या बोलण्यास द्यावा.

लहान मेंदू घडलेली चूक पाहतो आणि पुढचे पाऊल सुधारतो. ज्ञातीनेही तेवढे करावे, इतकेच मागणे.