मीटर आधी, व्हॉल्व्ह नंतर



प्लंबर आणि पाणीपुरवठा कर्मचाऱ्यांची ही परिषद भरली आहे ते चितेगाव पैठण रस्त्यावर आहे आणि पैठण रस्ता म्हणजे छत्रपती संभाजीनगरच्या पाण्याचा रस्ता. नाथसागर जलाशयातून उपसलेले पाणी ७०० आणि १४०० मिलिमीटरच्या जुन्या वाहिन्यांतून फारोळ्याच्या जलशुद्धीकरण केंद्रात येते, तिथून नक्षत्रवाडीच्या टाकीत चढते आणि मग उताराने शहरात जाते. याच रस्त्याने २५०० मिलिमीटरच्या नव्या वाहिनीची योजना आखली गेली. अशा ठिकाणी भरलेल्या परिषदेने अर्ध्या इंची घरगुती जोडणीवर बोलावे, हे काहींना खटकेल. पण उपशाच्या ठिकाणी मोजलेल्या पाण्यातले किती पाणी घरात पोचले, हे शेवटी त्या अर्ध्या इंचावरच कळते.

जोडणीवर दाब कमी करणारा व्हॉल्व्ह, म्हणजे पीआरव्ही, बसवायचा झाला तर मीटर त्याच्या आधी असावे की नंतर? साइटवर यावरून हमखास वाद होतो. ग्राहकाचे म्हणणे असे की जास्त दाबाला मीटर जास्त पळते, तेव्हा आधी दाब मारा आणि मग मोजा. यात तथ्य नाही. पाणी दाबाने आकसत नाही; चार किलो दाबाचे एक लिटर दोन किलोवरही एक लिटरच भरते. दाब वाढला की नळातून मिनिटाला पडणारे पाणी वाढते, हे खरे. पण पीआरव्ही मीटरच्या कुठल्याही बाजूला असला तरी नळाला मिळणारा दाब तोच राहतो आणि बिलही तेच येते.

मग जागा ठरवायची ती मालकीवर आणि प्रवाहावर.

मीटरपर्यंतची जोडणी पाणी देणाऱ्याच्या ताब्यात, त्यापुढची घरमालकाच्या. पीआरव्ही हा घरमालकाने स्वतःच्या सोयीसाठी बसवलेला, म्हणून तो मीटरच्या पुढे. तो आधी बसवला आणि त्यात गाळ अडकून घरचे पाणी बंद झाले, तर दुरुस्ती कोणी करायची यावर महिनाभर पत्रव्यवहार चालतो. शिवाय त्याच्या सांध्यातून गळणारे पाणी कोणाच्याच हिशेबात येत नाही. अपवाद दोन. पूर्ण वस्तीचा दाब सांभाळणारा व्हॉल्व्ह योजनेचा असतो, तो अर्थातच सगळ्या मीटरांच्या आधी येतो. बहुमजली इमारतीत गच्चीवरच्या टाकीतून उतरणाऱ्या पाइपवर काही मजल्यांना मिळून एक पीआरव्ही असतो. तिथे फ्लॅटचे मीटर त्याच्यानंतर बसणार, दुसरा मार्गच नाही.

प्रवाहाचा मुद्दा हातात पाना घेणाऱ्यांनी अधिक मनावर घ्यावा. मीटरमधला पंखा सरळ, शांत धारेची अपेक्षा ठेवतो. पीआरव्ही किंवा अर्धवट उघडलेला व्हॉल्व्ह मीटरला चिकटून आधी बसवला, तर धार वळत, उसळत आत शिरते आणि आकडा भरवशाचा राहत नाही. म्हणून मीटरच्या आधी पाइपच्या व्यासाच्या दहापट आणि नंतर पाचपट सरळ तुकडा सोडण्याचा प्रघात आहे. १५ मिलिमीटरच्या जोडणीत हे अंतर भरते १५० आणि ७५ मिलिमीटर, एका विटेपेक्षाही कमी! एवढ्या जागेसाठी कंजुषी का होते, हे कोडेच आहे.

मुख्य वाहिनीवरच्या फेरूलपासून घराकडे निघालो तर क्रम असा येतो: पूर्ण उघडा राहणारा स्टॉप कॉक, गाळणी, सरळ तुकडा, मीटर, पुन्हा सरळ तुकडा, पाणी उलटे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह म्हणजे एनआरव्ही, आणि मग हवा असेल तर पीआरव्ही. पाणी कमी-जास्त करायचे असेल तर मीटरच्या पुढचा कॉक फिरवा, आधीचा नाही. मीटर आडवे, तबकडी वर, आणि पाइपच्या अशा खालच्या भागात असावे की ते सदैव पाण्याने भरलेले राहील.

जिथे नळाला कित्येक दिवसांआड पाणी येते, तिथे शेवटची अट पाळणे अवघड. पाणी सुटले की आधी हवा येते. पाइपमध्ये फुसफुस सुरू होते, तबकडीवरची लाल चक्री भिंगरीसारखी फिरते आणि बादलीत थेंब नसतो. ग्राहक चिडतो, आणि त्याचे चिडणे रास्त आहे. यावरचा उपाय त्याच्या जोडणीत नाही; वाहिनीच्या उंच टप्प्यांवर चालू स्थितीतले एअर व्हॉल्व्ह हवेत. हे या शहराला नवे नाही. मलिक अंबरच्या काळातील नहर-ए-अंबरी या जलवाहिनीवर चुन्याच्या बांधकामाचे उंच खांब उभारले होते, ते हवा आणि दाब मोकळा करण्यासाठीच.

दुसरी अडचण बॉलकॉकची. हौद भरत आला की बॉलकॉक हळूहळू बंद होतो आणि शेवटचे पाणी बारीक धारेने येते. १५ मिलिमीटरच्या 'ब' वर्गाच्या मीटरची अचूकता ताशी ३० लिटरपासून पुढे धरलेली आहे. त्याखालचे पाणी ते नीट मोजेलच असे नाही. छतावर टाक्या असलेल्या माल्टा बेटावर अभियंत्यांना हाच प्रश्न सोडवावा लागला. आणि मोटार थेट नळाला लावणाऱ्यांबद्दल काय बोलावे! ती शेजाऱ्याचा दाब खेचते आणि गळक्या सांध्यांतून गटाराचे पाणी वाहिनीत ओढते.

आता थोडे स्पष्ट बोलायला हवे. पाणीपुरवठ्याच्या केंद्रीय नियमावलीच्या १९९९ च्या आवृत्तीने वाहिनीत किमान उरणारा दाब एकमजली घरासाठी ७ मीटर, दुमजलीसाठी १२ आणि तिमजलीसाठी १७ मीटर धरला होता. जिथे हाच दाब मिळत नाही, तिथे घरोघरी पीआरव्ही विकणे म्हणजे ग्राहकाचा खिसा कापणे होय. उतारावरच्या वस्त्या आणि टॉवर सोडले तर त्याची गरज क्वचितच पडते. तो बसवलाच आणि घरात गिझर असेल, तर गिझरचा सेफ्टी व्हॉल्व्ह तपासा. तापून फुगलेल्या पाण्याला मागे जायची वाट राहिलेली नसते.

मीटरवरचा अविश्वास या शहराने जवळून पाहिला आहे. 'समांतर' पाणीपुरवठा योजनेच्या काळात मीटर हा वादाचा एक विषय होता आणि २०१६ मध्ये महापालिकेने त्या योजनेचा करार मोडला. उलट कराडशेजारच्या मलकापुरात नगरपंचायतीने चोवीस तास पाणी आणि मीटर एकत्र दिले, वापराप्रमाणे वाढणारे दर लावले, आणि लोकांनी ते स्वीकारले. तिथे पाइप भरलेला असतो, म्हणून मीटर हवा मोजत नाही.

विश्वास बसवण्याचे एक साधन प्रत्येक प्लंबरजवळ आहे. जोडणी दिल्यावर घरमालकासमोर २०० लिटरचा ड्रम भरून दाखवा. चांगल्या धारेला दोन टक्के फरक मान्य, म्हणजे चार लिटर. मग सगळे नळ बंद करून लाल चक्री पाहा. ती फिरत असेल तर गळती मीटरच्या पुढे, घरात आहे. या दोन चाचण्या झाल्याशिवाय मीटरच्या पेटीचे झाकण लावू नका, आणि ग्रामपंचायतींनीही त्याशिवाय जोडणीचे देयक मंजूर करू नये, ही या व्यासपीठावरून विनंती.