शिकवणाऱ्या बाईचा गळा

आम्ही राजूर परिसरात गाणं शिकवणाऱ्या बायका. सकाळी शाळेतल्या मुली, दुपारी महिला भजनी मंडळ, संध्याकाळी परीक्षेला बसणारी मुलं. अंगारकी जवळ आली की राजुरेश्वराच्या सेवेसाठी भजनाची तालीम आणखी वाढते. मग रात्री घरच्या लेकराला हाक मारायची म्हटलं तरी आवाज फुटत नाही. आमची शिकवणी गळ्यावरच चालते, म्हणून आज गळ्याबद्दलच बोलू.

काळी चार पट्टीत बाईनं मधला सा लावला, की गळ्यातले स्वरतंतू सेकंदाला सुमारे २०० वेळा एकमेकांवर आपटतात. वरचा सा लावला, की त्याच्या दुप्पट. बेतानं केलेला रियाज गळा झेपवतो. शिकवणारीला जास्त दमवतं ते पेटी-ढोलकीच्या वर आवाज काढून सूचना देणं, आणि प्रत्येकीबरोबर प्रत्येक ओळ स्वतः गाणं.

म्हणून ओळ एकदा गाऊन दाखवा, मग गप्प बसून ऐका. मुलगी चुकली तर पेटीवर स्वर दाबून दाखवा, ताल हातानं द्या. बोलायचं असेल तर आधी ढोलकी थांबवा. बाई गप्प बसल्या, की काही पालकांना वाटतं, फी घेतात आणि शिकवत नाहीत. त्यांना शांतपणे सांगा, पोर एकटी गायली की तिचा कान तयार होतो. बाईच्या आवाजाआड लपून तो होत नाही.

दोन वर्गांच्या मधे १० मिनिटं मौन ठेवा. त्या वेळात कुजबुजूही नका, त्यानं पुष्कळदा गळा ताणला जातो. सारखं खाकरण्यापेक्षा पाण्याचा घोट घ्या. वर्गाआधी अर्धा ग्लास पाण्यात स्ट्रॉ बुडवून, ‘ऊ’ म्हणत हलके बुडबुडे काढा. गळा न ताणता मोकळा होतो.

ज्येष्ठमध, खडीसाखर तोंडात धरली की घशाला बरं वाटतं. पण गिळलेलं अन्ननलिकेत जातं आणि स्वरतंतू असतात श्वासनलिकेच्या तोंडाशी. तिथवर साध्या पाण्याची वाफ पोचते. आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात दिवसभर थोडं थोडं पाणी पीत राहणं तर हवंच.

एवढं करूनही आवाज ३ आठवडे बसलेलाच राहिला, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. श्वासाला त्रास झाला किंवा थुंकीत रक्त दिसलं, तर एक दिवसही थांबू नका. जालन्याला जायचं म्हणजे दिवसाची शिकवणी बुडते. बुडू द्या. आवाजाच्या अतिवापरानं स्वरतंतूंवर येणाऱ्या गाठी विश्रांतीनं आणि शिकवलेल्या व्यायामानं बऱ्याचदा कमी होतात, ऑपरेशन लागतंच असं नाही. किशोरी आमोणकरांचा आवाज ऐन पंचविशीच्या सुमारास गेला होता. जवळपास दोन वर्षं त्यांना गाता आलं नाही. आवाज परत आला आणि पुढं कित्येक दशकं त्या गायल्या.

मैत्रिणींनो, आपल्या गावांत गाणं शिकवणाऱ्या बायका मोजक्याच आहेत. एकीचा गळा बसला, तर दहा-वीस मुलींचं गाणं थांबतं. तेव्हा उद्याच्या वर्गात दोन ओळी कमी गा आणि चार ओळी जास्त ऐका. येतो आम्ही. नमस्कार.