आयोगाची शिफारस आणि आपला पाठपुरावा

(मानवी हक्क दिनानिमित्त आमोणे येथे केलेले भाषण)



मंडळाने आम्हाला विषय दिला तो ‘विकसनशील देशांतील मानवी हक्क आयोग’. विषय दिल्ली-जिनिव्हाचा वाटतो खरा. पण पोलीस कोठडीपासून आपल्या विहिरीच्या पाण्यापर्यंत तो येऊन पोचतो. आम्ही बँकेत कारकुनी करणारी माणसे, कायदेपंडित नव्हे. तेव्हा जे सांगू ते खातेवहीच्या भाषेत सांगू.

गोमंतकीयांना हक्क हा शब्द नवा नाही. १८ जून १९४६ रोजी मडगावात डॉ. राममनोहर लोहिया आणि डॉ. ज्युलियांव मिनेझिस यांनी सभा घेतली ती नागरी स्वातंत्र्यासाठीच. सालाझारच्या राजवटीत सभा घेणे हाच गुन्हा होता. १९६१ साली ती राजवट गेली. पण राज्य आपले झाले म्हणून अन्याय आपोआप संपत नाही, हा अनुभव स्वतंत्र झालेल्या बहुतेक देशांना आला. न्यायालय आहे, पण वकिलाची फी परवडत नाही आणि तारखांना अंत नाही. गरीब देशांत ही अडचण अधिक. म्हणून सरकारच्या पैशावर चालणारी, पण सरकारलाच जाब विचारणारी स्वतंत्र संस्था हवी, हा विचार पुढे आला. अशा संस्था कशा असाव्यात याची तत्त्वे १९९१ मध्ये पॅरिसला ठरली आणि २० डिसेंबर १९९३ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ती स्वीकारली. त्याच वर्षी आपल्याकडे मानवी हक्क संरक्षण कायदा झाला व ऑक्टोबरमध्ये राष्ट्रीय आयोग बसला. गोव्याचा राज्य आयोग यायला मात्र २०११ उजाडले.

आता आयोग काय करू शकतो ते पाहू. तक्रारीला फी नाही, वकील लागत नाही. राष्ट्रीय आयोगाकडे घटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत लिहिता येते. म्हणजे मराठीतही आणि कोकणीतही. चौकशी करताना साक्षीदाराला बोलावणे, कागदपत्रे मागवणे हे दिवाणी न्यायालयाचे अधिकार आयोगाला आहेत. कोणी तक्रार केली नाही तरी आयोग स्वतःहून दखल घेऊ शकतो. भरपाई द्या, दोषी अधिकाऱ्यावर खटला भरा, असे तो सरकारला सांगू शकतो. गरज पडली तर उच्च न्यायालयातही जाऊ शकतो.

पण मेख इथेच आहे. आयोग सांगतो ती शिफारस असते, हुकूम नव्हे. सरकारने महिन्याभरात, किंवा आयोग देईल त्या वाढीव मुदतीत, काय केले ते कळवायचे, एवढेच बंधन कायद्यात आहे.

आमच्या बँकेचेच उदाहरण घ्या. ग्राहकाची रक्कम चुकून कापली गेली आणि बँकेने दाद दिली नाही, तर तो रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जातो. लोकपालाने निवाडा दिला आणि ग्राहकाने तो मान्य केला, की बँकेला अपिलात जावे लागते, नाही तर निवाडा पाळावाच लागतो. कोठडीत मार खाल्लेल्या माणसाच्या बाजूने मात्र शिफारस. पाचशे रुपयांच्या तक्रारीला जो जोर आहे, तो माणसाच्या अब्रूला नसावा?

याहून वेगळे करता येते. युगांडाच्या घटनेने तिथल्या आयोगाला भरपाईचा आणि डांबून ठेवलेल्याला सोडण्याचा थेट आदेश देण्याचा अधिकार दिला आहे. नेपाळच्या २०१५ च्या घटनेनुसार, शिफारस न पाळणाऱ्यांची नावे आयोग जाहीर करू शकतो. ऑक्टोबर २०२० मध्ये नेपाळच्या आयोगाने २८६ नावे खरोखरच जाहीर केली. हे देश आपल्याहून श्रीमंत नाहीत.

आपल्याकडे उलट खुर्च्याच रिकाम्या राहतात. रिक्त जागा तीन महिन्यांत भरा, असे सर्वोच्च न्यायालयाने डी. के. बसू प्रकरणात २४ जुलै २०१५ रोजी बजावले. तरीही गोव्यात प्रभारी अध्यक्षावर आयोग चालल्याचा काळ आपण पाहिला. नेमणुकांच्या पद्धतीवरून जागतिक संघटनेने आपल्या राष्ट्रीय आयोगाचा ‘अ’ दर्जा २०२३ व २०२४ अशी लागोपाठ दोन वर्षे लांबणीवर टाकला.

कोणी म्हणेल, आपल्या गावात कुठे मानवी हक्कांचा प्रश्न? शेजारच्या सत्तरीतील सोनशी गाव आठवा. एप्रिल २०१७ मध्ये खनिजाचे ट्रक अडवले म्हणून तिथल्या ४५ गावकऱ्यांना अटक झाली. मागणी काय होती? धूळ आवरा आणि पाणी द्या. स्वच्छ हवा आणि पाणी हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच म्हटले आहे. ज्या आमोण्याने मांडवीतून खनिजाच्या बार्जी जाताना वर्षानुवर्षे पाहिल्या, त्याला हे वेगळे सांगायला नको.

मग आपण काय करायचे? पहिले, तारीख सांभाळायची. घटनेला एक वर्ष उलटले की आयोग चौकशी करू शकत नाही. पंचायत, मामलेदार, आमदार अशा खेपा घालण्यात वर्ष कधी सरते ते कळत नाही. दुसरे, प्रत्येक अर्जाची पोच घ्यायची. पोच नसलेला अर्ज म्हणजे पावती नसलेला भरणा. तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, आयोगाचा वार्षिक अहवाल विधानसभेपुढे ठेवणे सरकारवर बंधनकारक आहे. त्यासोबत कोणत्या शिफारशींवर काय कारवाई केली आणि ज्या मानल्या नाहीत त्या का मानल्या नाहीत, हेही द्यावे लागते. हा हिशेब आपल्या आमदारांनी सभागृहात मागितला पाहिजे. मते मागायला येतात तेव्हा आपणही हा एक प्रश्न विचारावा : “गेल्या अहवालातील किती शिफारशी पाळल्या?”

कायदा बदलून शिफारशीला आदेशाचे बळ द्यावे, ही मागणी लावून धरलीच पाहिजे. पण ते संसदेचे काम, त्याला वेळ लागेल. तोवर त्या कागदाला वजन येईल ते तुमच्या-आमच्या पाठपुराव्यानेच. म्हणून आमची मंडळाला विनंती आहे की, तक्रारींची एक नोंदवही आजच उघडावी. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे अर्ज लिहून द्यायला आम्ही बँकेतली चार माणसे रविवारी सकाळी बसू. पोच मात्र ज्याची त्याने जपून ठेवावी.