मुलांचा खेळ आणि मालकांचा नफा
(पिंपळगाव राजा, जिल्हा बुलढाणा येथे कार्यकर्त्यांसमोर केलेले भाषण)



आईबाप कापूस वेचायला शेतात आणि मूल मोबाइल घेऊन ओसरीवर, हे दृश्य या परिसरात आता नवे राहिलेले नाही. २०२० साली शाळा बंद पडल्या तेव्हा शिक्षणासाठी म्हणून मोबाइल घरोघरी शिरला. शाळा उघडल्या, तो मात्र मुलाच्या हातीच राहिला. मूल त्यात गुरफटले की समाजाचे बोट प्रथम आईकडे वळते. हे निदान चुकीचे आहे.

खेळ फुकट मिळतो, म्हणून तो फुकट असतो असे नव्हे. मुलाने किती वेळ खिळून राहावे आणि हरल्यावर कोणती ‘नाणी’ विकत घ्यावीत, याचा हिशेब आधीच मांडलेला असतो. रुपयाचे असल्या नाण्यात रूपांतर झाले की खर्चाचे भान सुटते. त्याच खेळात अनोळखी माणसाशी बोलण्याची सोय असते. असा माणूस आधी भेटी देतो, स्नेह वाढवतो, मग छायाचित्र मागतो आणि पुढे त्याच छायाचित्राच्या धाकावर मुलाला पिळतो. घरी मार बसेल ही मुलाची भीती, हेच त्याचे भांडवल! ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबईत पोलिसांच्या कार्यक्रमात अभिनेते अक्षय कुमार यांनी आपल्या मुलीवर आलेला असाच प्रसंग सांगितला. तिने खेळ बंद करून आईला सांगितले, म्हणून ती वाचली.

गावांनी हातपाय हलवलेले नाहीत असे नाही. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे २०२२ पासून सायंकाळी सात वाजता भोंगा वाजवून दीड तास मोबाइल व दूरदर्शन संच बंद ठेवण्याचा पायंडा पडला. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यातील बान्सीच्या ग्रामसभेने अठरा वर्षांखालील मुलांना मोबाइलबंदीचा ठराव केला. हे प्रयत्न स्तुत्य आहेत. परंतु त्यांनी मुलाला बांधले, मालक मोकळाच राहिला.

इतिहास काय सांगतो? १८८१ च्या कारखाना कायद्याने सात वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास मनाई केली आणि १८९१ साली ही मर्यादा नऊ वर्षांवर नेली. नारायण मेघाजी लोखंडे यांच्यासारख्यांनी त्या काळात गिरणी कामगारांची बाजू लढवली. हे कायदे आईला उपदेश करीत नव्हते; ते मालकाला बांधत होते.

आजही तेच शक्य आहे. ‘फोर्टनाइट’ या खेळाच्या कंपनीने डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाशी तडजोड करताना ५२ कोटी डॉलर देण्याचे मान्य केले. मुलांशी अनोळखी व्यक्तींना बोलता येईल अशी सोय आरंभापासूनच चालू ठेवली होती, हा एक आक्षेप होता. म्हणजे ही सोय निसर्गनियम नव्हे, मालकाची निवड आहे. भारताच्या संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा संमत केला. पण मुलाला नाणी विकणारा ‘फुकट’ खेळ आणि त्यातील संभाषण, हा प्रश्न त्याने सुटत नाही.

म्हणून मागणी स्पष्ट हवी. मुलांच्या खेळात अनोळखी संभाषण मुळातच बंद असावे आणि पालकाच्या संमतीविना विक्री होऊ नये. तोवर कार्यकर्त्यांनी ग्रामसभेत हा विषय मांडावा, १०९८ हा बालसाहाय्याचा आणि १९३० हा सायबर फसवणुकीचा क्रमांक शाळेच्या भिंतीवर रंगवावा. आणि घरोघरी एक गोष्ट पटवून द्यावी : जे मूल घडलेले सांगायला येते, त्याच्यावर हात उगारायचा नाही.