दोन फिलिपिनी कवयित्री



फिलिपिन्सचा कवी म्हटलं की होसे रिझालचं नाव येतं. स्पॅनिश राजवटीनं त्यांना १८९६ साली गोळ्या घातल्या. त्यांचा मान मोठाच आहे, पण मी आज दोन बायांबद्दल बोलणार आहे.

लिओना फ्लोरेंतिनो १८४९ साली उत्तरेकडच्या व्हीगन गावात जन्मली. मुलगी म्हणून विद्यापीठाचं दार बंद. १४व्या वर्षी लग्न, ३५व्या वर्षी मृत्यू. ती इलोकानो या आपल्या बोलीत आणि स्पॅनिशमध्ये लिहायची. त्यातलं काही कुणाच्या वाढदिवसासाठी. अशा कवितेला टीकाकार ‘प्रासंगिक’ म्हणून बाजूला सारतात. (मग जात्यावरच्या ओव्यांचं काय करायचं?) तिच्या मुलानं, इसाबेलोनं, लोकसाहित्यावरच्या आपल्या ग्रंथात १८८९ साली त्या छापल्या, म्हणून आज आपल्याला ठाऊक आहेत.

दुसरी अँजेला मानालांग ग्लोरिया, जन्म १९०७. तोवर स्पेन जाऊन अमेरिका आली होती आणि शाळेत इंग्रजी. त्याच इंग्रजीत तिनं १९४० साली कवितासंग्रह काढला. त्यात ‘रिव्होल्ट फ्रॉम हायमेन’ नावाची छोटीशी कविता आहे. हायमेन हा ग्रीकांचा विवाहदेव, आणि योनिपटलालाही तोच शब्द. लग्नाच्या बिछान्यावर आपल्या शरीरावर गाजवल्या जाणाऱ्या हक्कातून सुटावं, एवढंच ती बाई मागते. त्या वर्षीच्या सरकारी स्पर्धेत संग्रह मागे पडला. बक्षीस एका देशभक्तिपर काव्याला गेलं. देशाचं स्वातंत्र्य परीक्षकांना कळत होतं.

नवऱ्याची बळजबरी हाही बलात्कारच, हे त्या देशाच्या कायद्यानं स्पष्ट मानलं १९९७ साली, ५७ वर्षांनी. तेही बायकोनं माफ केलं तर खटला संपतो, ही पळवाट ठेवून.

१९४५ साली जपानी सैनिकांनी अँजेलाच्या नवऱ्याला मारलं. पदरात तीन मुलं. दोरखंडासाठी लागणाऱ्या अबाकाच्या धाग्याचा व्यापार तिनं हाती घेतला आणि यशस्वी केला. कविता जवळजवळ थांबली. ‘तिनं कविता सोडली’ असं लिहिणाऱ्यांचा मला राग येतो. घरात दुसरं कमावतं कोण होतं?

एडना झपांता मान्लापास या अभ्यासक बाईंनी १९९३ साली तिच्या समग्र कविता छापल्या, चरित्रही लिहिलं. त्यातल्या चार कविता मी आणल्यात. इंग्रजी अवघड वाटलं तर अडेल तिथं थांबवा, अर्थ मिळून लावू.