हिरडीचे पहारेकरी
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



शिष्यवृत्त्या आणि वसतिगृह यांची चर्चा चालू असता आम्ही हिरड्यांविषयी बोलावे, हे कित्येकांस विचित्र वाटेल. परंतु आपल्या घरोघरी दात हलू लागले की 'वय झाले' असे म्हणून तो विषय मिटविला जातो. आणि घासताना रक्त दिसले की हिरडी दुखावू नये म्हणून तेथे घासणेच सोडून देतात. या दोन्ही समजुती दात घालविणाऱ्या आहेत.

दातांवरील पांढरट थरात असंख्य सूक्ष्म जीव नांदतात, हे हॉलंडच्या लेव्हेनहुक याने १६८३ साली लंडनच्या रॉयल सोसायटीस पत्राने कळविले. दात आणि हिरडी यांच्यामधील खाचेत हा थर सदैव लागून असतो. म्हणून निरोगी हिरडीतसुद्धा रक्तातील पांढऱ्या पेशी अहोरात्र पहाऱ्यास येतच असतात. या पहारेकऱ्यांना शत्रू ओळखू कसा येतो?

लस टोचल्यावर येणारी प्रतिकारशक्ती ही शिकलेली विद्या होय. परंतु तिच्याही आधीची, जन्मजात अशी एक शक्ती आहे. पेशी जंतू गिळतात ही कल्पना मेच्निकॉफ याला १८८२ साली मेसिना येथे तारामाशाची पारदर्शक पिले न्याहाळताना सुचली. मात्र पूर्वी कधी न भेटलेला जंतू ओळखावा कसा, हे कोडे राहिलेच. अमेरिकेतील जेनवे यांनी १९८९ साली त्याचे उत्तर सुचविले: देवडीवरचा शिपाई प्रत्येकाचा चेहरा जाणत नाही, गणवेश पाहतो, तद्वत ही शक्ती एकेक जंतू न ओळखता अनेक जंतूंत समान असलेले आणि आपल्या शरीरात नसलेले घटक ओळखते. हे घटक ओळखणारी 'टोल' नावाची यंत्रणा १९९६ साली हॉफमन यांना फळमाशीत आढळली, आणि तिच्याच जातीचे ग्राहक प्राण्यांत जंतूंचे विष ओळखतात, हे बॉयट्लर यांनी १९९८ साली उंदरांत दाखविले. २०११ च्या नोबेल पारितोषिकात दोघांचाही वाटा होता.

आता हिरडीकडे वळू. पॉर्फिरोमोनस जिंजिव्हॅलिस या जंतूच्या बाह्य आवरणात लिपोपॉलिसॅकराइड असते. तोच त्याचा गणवेश. आतड्यातील सामान्य इ. कोलाय जंतूच्या या रेणूस स्निग्धाम्लांचे सहा धागे असतात, व ते 'टोल-४' या ग्राहकास लगेच जागे करतात. हा लबाड मात्र चार किंवा पाचच धागे ठेवतो आणि फॉस्फेटही छाटून टाकतो. चार धाग्यांचा रेणू तर ग्राहकात जाऊन बसतो, पण घंटा वाजू देत नाही. एवढ्यावर तो थांबत नाही. 'टोल-२' ला तो ओळखू येतो. तेव्हा आपल्या विकरांनी तो रक्तातील पूरक प्रथिने तोडतो आणि पांढऱ्या पेशींच्या निरोपांत असा घोटाळा करतो की त्यांची मारण्याची क्रिया मंदावते, दाह मात्र चालूच राहतो.

२०११ साली उंदरांवर झालेल्या प्रयोगात हा जंतू अत्यल्प संख्येनेही इतर रहिवासी जंतूंची घडी विस्कटून जबड्याचे हाड झिजवू शकला. परंतु जंतुविरहित वाढविलेल्या उंदरांत एकट्याने त्याला ते साधले नाही. हाड जंतू खातो असे नव्हे. लांबलेल्या दाहाने चेतविलेल्या आपल्याच पेशी ते विरघळवितात. आम्हास या सर्व प्रकरणात हीच गोष्ट सर्वांत गंभीर वाटते. मधुमेह असल्यास हा दाह अधिक भडकतो, आणि हिरडीचा दाह उलट रक्तातील साखर आवरणे अवघड करतो.

येथे मशेरीचा उल्लेख केल्यावाचून आमच्याने राहवत नाही. (पुढच्या रांगेतील वडीलधाऱ्या मंडळींनी रागावू नये.) तंबाखूने रोग बळावतो, शिवाय धूम्रपान करणाऱ्याच्या हिरडीतून रक्त कमी येते, त्यामुळे धोक्याची खूणच झाकली जाते.

डेन्मार्कमधील आर्हुस येथे लो यांनी १९६५ साली बारा निरोगी व्यक्तींना दात घासणे थांबविण्यास सांगितले. दहा ते एकवीस दिवसांत सर्वांच्या हिरड्या सुजल्या. घासणे पुन्हा सुरू होताच त्या पूर्ववत झाल्या. रक्त येते तेथेच हळुवार परंतु नीट घासावे ते यासाठी. किटण धरले असल्यास ते दंतवैद्याकडूनच काढवून घ्यावे लागते. सूज उतरते, झिजलेले हाड मात्र आपोआप भरून येत नाही.