उरलेले अर्धे पुस्तक

(आकाशवाणीच्या नागपूर केंद्रावरून प्रसारित झालेले भाषण)



वाचनाविषयी बोलावयाचे म्हटले म्हणजे ज्ञान वाढते, भाषा सुधारते, रिकामा वेळ सत्कारणी लागतो इत्यादी फायद्यांची उजळणी करावी, अशी आपल्याकडे वहिवाटच पडून गेली आहे. आणि ती उजळणी आपणां सर्वांना मुखोद्गत असल्यामुळे तिच्यात आजचा अल्प अवधी खर्ची घालण्याची माझी इच्छा नाही. मला एकच गोष्ट सांगावयाची आहे, आणि ती मी आज पुन:पुन्हा सांगणार आहे, कारण ऐकताना ती सोपी वाटते आणि पुस्तक हाती घेतले की नेमकी तीच विसरली जाते. ती गोष्ट अशी की, कोणतेही पुस्तक लेखकाने अर्धेच लिहिलेले असते. उरलेले अर्धे वाचणाऱ्याने लिहावयाचे असते.

आपल्या शाळा, आपले शिकवणीवर्ग आणि, खेदाने म्हणावे लागते, आपली घरेदेखील वाचणाऱ्याला निव्वळ घेणारा समजतात. लेखकाने अर्थ बांधून ठेवला आहे, शिक्षकाने तो सोडून दाखवावा आणि विद्यार्थ्याने त्याची नक्कल वहीत उतरून घ्यावी, म्हणजे वाचन झाले, अशी आपली समजूत. कवितेखालचा पहिला प्रश्न मध्यवर्ती कल्पनेचा, धड्याखालचा शेवटचा प्रश्न तात्पर्याचा. आणि ही दोन्ही उत्तरे बाजारात गाईडमध्ये तयार मिळत असल्यामुळे मूळ कविता न वाचताही मुलगा उत्तम गुणांनी उत्तीर्ण होतो, आणि आईवडील पेढे वाटतात. त्या मुलाने पाने उलटली, अक्षरे ओळखली, गुण मिळविले, हे सर्व खरे. वाचन मात्र त्याच्या हातून घडले नाही.

उरलेले अर्धे वाचणाऱ्याने लिहावयाचे, हे मत माझ्या पदरचे नाही. सुमारे अकराशे वर्षांपूर्वी, यायावर कुळात जन्मलेल्या, महाराष्ट्राशी पिढीजात नाते सांगणाऱ्या आणि कनोजच्या प्रतिहारांच्या पदरी असलेल्या राजशेखराने ‘काव्यमीमांसा’ नावाचा ग्रंथ लिहिला. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेचा आरंभ 1916 साली याच ग्रंथाने झाला. त्यात राजशेखराने प्रतिभेचे दोन प्रकार सांगितले आहेत: एक कारयित्री, जी कवीच्या ठायी असते आणि काव्य घडविते, आणि दुसरी भावयित्री, जी वाचकाच्या ठायी असते आणि त्या काव्याला फळ आणते. रसिकाजवळ जे असते त्यालाही त्याने प्रतिभा हेच नाव दिले, एवढे आपण ध्यानात घ्यावे. त्याने वाचणाऱ्यांच्या चार जातीही लावल्या आहेत: कशानेच ज्याला रुची येत नाही तो, बरेवाईट सरसकट गिळणारा, मत्सराने वाचणारा, आणि तत्त्वापर्यंत पोहोचणारा, आणि हा चौथा हजारांत एखादाच सापडतो, असे त्याचे म्हणणे आहे. याच ग्रंथातील काव्यपुरुष, म्हणजे काव्याचे मानवी रूप, दिशादिशा हिंडत अखेर साहित्यविद्यावधूशी विवाहबद्ध होतो तो विदर्भातल्या वत्सगुल्म नगरात, म्हणजे आपल्या आजच्या वाशीमला. ज्या भूमीवर हे लग्न लागले, तिथल्या माणसांना भावयित्री प्रतिभेची आठवण रेडिओवरून करून द्यावी लागावी, हे काही भूषणावह नव्हे.

पण शास्त्रग्रंथाचे नाव निघाले की काही श्रोते रेडिओचा आवाज कमी करतात. म्हणून आता स्वयंपाकघरात येतो. गवळी शेजारशेजारच्या दोन घरांना एकाच चरवीतून एकाच मापाने रतीब घालतो; तरी दुसऱ्या दिवशी एका घरचे दही घट्ट आणि गोडसर असते, दुसऱ्या घरचे पातळ आणि आंबट. दूध एकच, विरजण निराळे. लेखक देतो ते दूध. विरजण वाचणाऱ्याने आपल्या घरचे लावावयाचे असते. हे विरजण असते चमचाभरच, पण ते कालच्या दह्यातून राखून ठेवावे लागते. तसे आजच्या वाचनाला लागणारे विरजण कालच्या वाचनातून, कालच्या सुखदु:खातून, पाहिलेल्या माणसांतून आणि ओलांडलेल्या नद्यांतून शिल्लक ठेवलेले असते. ज्याने काही राखलेच नाही त्याच्या पातेल्यात कालिदास ओतला तरी सकाळी दूधच उरणार, आणि तेही नासलेले.

दूध कढत असताना विरजण लावले तर ते फुकट जाते आणि गार दुधात लावले तर ते लागत नाही. दूध कोमट हवे. मनाचेही तेच: फार उतावीळ मन आणि फार उदासीन मन, दोन्ही वाचनाला निरुपयोगी. एकदा विरजण लावले म्हणजे भांडे हलवू नये, घडोघडी झाकण उघडून पाहू नये; पौषातल्या थंडीत तर भांडे गोधडीत गुंडाळून ठेवावे लागते आणि चारदोन तास अधिक वाट पाहावी लागते. आणि आम्ही काय करतो? मुलाने गोष्ट वाचून पुस्तक मिटताक्षणीच झाकण उघडून विचारतो, ‘काय समजले? काय बोध घेतलास?’ लागत आलेले दही ढवळून टाकण्याचा हा उद्योग घरोघर चालतो, आणि मग मुले वाचत नाहीत अशी फिर्यादही आम्हीच घेऊन येतो.

पण याच उदाहरणाने दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर माझ्या बोलण्याचा कोणी भलताच अर्थ करील. पाण्याला विरजण लावून दही होत नाही. वाचकाने उरलेले अर्धे लिहावयाचे याचा अर्थ मनास येईल ते लिहावयाचे असा नाही. लेखकाने जे अर्धे लिहून ठेवले आहे त्याची एकेक ओळ, एकेक खूण प्रामाणिकपणे पाहिल्याखेरीज उरलेल्या अर्ध्यावर वाचणाऱ्याची मुखत्यारी चालत नाही.

याचा पुरावा आपल्या अगदी दाराशी आहे. रामटेकच्या गडावर आपण सर्वजण जाऊन आलेले आहात. कालिदासाच्या ‘मेघदूता’तला शापित यक्ष जिथून मेघाबरोबर दूरच्या पत्नीला निरोप धाडतो, तो रामगिरी हाच असे आपण मानतो; तेव्हा ती कथा मी विस्ताराने सांगत बसत नाही. परंतु कालिदासाने काय काय सांगितलेले नाही, याची आपण कधी यादी केली आहे काय? यक्षाचे नाव त्याने सांगितलेले नाही. त्याच्या पत्नीचे नाव सांगितलेले नाही. स्वामी कुबेराच्या चाकरीत यक्षाच्या हातून कोणती कसूर झाली, की जिच्यापायी वर्षाची हद्दपारी भोगावी लागावी, तेही सांगितलेले नाही. दुसऱ्याच श्लोकात यक्ष आपल्यासमोर उभा राहतो, तेव्हा तो विरहाने वाळून गेला आहे असा शब्द तिथे नाही. सोन्याचे कडे गळून पडल्यामुळे रिकामे झालेले मनगट तेवढे कवी दाखवितो आणि पुढे जातो. ते कडे कोणत्या दिवशी गळाले, खडकावर पडताना वाजले की नाही, यक्षाने ते उचलले तरी की नाही, हे ज्याला दिसत नाही त्याने तो श्लोक पाठ केला असेल, पण वाचलेला नाही. आणि सर्वांत मोठे मौन मेघाचे आहे: शंभरावर श्लोक होऊन जातात, पण हा दूत जातो असेही म्हणत नाही आणि जात नाही असेही म्हणत नाही.

मागे एका शाळेत ‘मेघदूता’विषयी मुलांशी बोलण्याचा प्रसंग आला असता आठवीतल्या एका मुलीने उठून विचारले, ‘ढग काहीच बोलला नाही, तर एवढा मोठा निरोप त्याच्या ध्यानात राहिला की नाही हे यक्षाला कळले कसे?’ तिच्या शिक्षकांनी ‘हे परीक्षेला नाही’ असे म्हणून तिला खाली बसविले. श्रोते हो, त्या वर्गात त्या दिवशी वाचन केले ते त्या एका मुलीने. यक्षालाही हीच शंका छळत होती. म्हणून तर शेवटी तो स्वत:ची समजूत घालतो की, मेघा, तुझे न बोलणे म्हणजे नकार नव्हे, तू चातकालाही काही न बोलताच पाणी देतोस. मुलीने जे विचारले ते कवीने पेरून ठेवलेलेच होते. ते उगवले तिच्या मनात, आणि आपण ते खुडून टाकले.

पूर्वीच्या वाचकांनाही हे मौन सोसवले नाही. ‘मेघदूता’च्या काही प्रतींत शेवटी असे श्लोक आढळतात की, मेघाने निरोप पोहोचविला, कुबेराला ते कळून दया आली आणि त्याने शाप मागे घेऊन त्या दोघांची भेट घडविली. विद्वान हे श्लोक प्रक्षिप्त मानतात आणि ते योग्यच आहे. पण कोणा वाचकाचा जीव किती कासावीस झाला असेल म्हणून त्याने हे श्लोक रचले, हेही पाहावे. जैन कवी जिनसेनाचार्यांनी तर ‘मेघदूता’च्या ओळी एकामागून एक घेऊन आपल्या श्लोकांत गुंफल्या आणि पार्श्वनाथांच्या चरित्राचे ‘पार्श्वाभ्युदय’ हे निराळेच काव्य उभे केले: ओळी शृंगाराच्या, काव्य वैराग्याचे! आपल्या मराठीत चिंतामणराव देशमुखांनी, कुसुमाग्रजांनी, शान्ताबाई शेळक्यांनी ‘मेघदूत’ आणले. ती भाषांतरे शेजारी शेजारी ठेवून वाचा, प्रत्येकाचा मेघ निराळ्या वजनाचा आहे. आणि आपल्या नागपूरचे महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी काय केले? कवीने रामगिरी एवढेच म्हटले होते. मिराशींनी त्या एका नावाशेजारी वाकाटकांचे ताम्रपट मांडले, रामगिरिस्वामी या देवाच्या पायांशी दिलेला वाकाटक राणी प्रभावतीगुप्तेचा रिद्धपूरचा ताम्रपट मांडला, आणि रामगिरी म्हणजे रामटेकच असा पक्ष सिद्ध केला. सरगुज्याचा रामगढ पुढे करणारे विद्वानही आहेत, तो वाद इथे नको. मला दाखवावयाचे आहे ते हे की, इतिहाससंशोधकाचे वाचनसुद्धा कल्पनेवाचून चालत नाही. दोन कोरड्या दस्तऐवजांमध्ये असलेली वाट आधी मनात दिसावी लागते. मग पुरावा तिच्यावरून चालू लागतो.

रिद्धपूरचे नाव निघालेच आहे म्हणून सांगतो, त्याच रिद्धपुरात महानुभाव पंथाच्या म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ लिहिले. ती मूळ पोथी पुढे धामधुमीत नाहीशी झाली आणि पंथीयांनी आठवून आठवून ती पुन्हा उभी केली, अशी महानुभावांची परंपरा आहे. म्हणजे पुस्तक गेले आणि वाचणाऱ्यांच्या आत जे लिहिले गेले होते त्यातून पुस्तक परत आले. याहून मोठा दाखला कोणता द्यावा? परंतु हा विषय फार मोठा आहे, पाठभेदांचा सगळा प्रपंच त्यात येतो, आणि समोरचे घड्याळ मला तिकडे वळू देत नाही.

तसेच ग्रेस यांच्याविषयी. 1967 साली ‘संध्याकाळच्या कविता’ प्रसिद्ध झाल्यापासून या नागपूरकर कवीवर दुर्बोधतेचा आरोप सतत होत आला. पुढे ‘वाऱ्याने हलते रान’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला तरी तो थांबला नाही. ‘अर्थ कळत नाही’ म्हणून जे पुस्तक बाजूला सारतात त्यांना मी एवढेच विचारीन की, अर्थ तयार मिळावा अशी आपली अपेक्षा कोणत्या करारान्वये आहे? ती कविता संध्याकाळी, मोठ्याने, एकट्याने वाचावी, नाद कानात राहू द्यावा आणि भांडे न हलविता दोन दिवस थांबावे. मग जे हाती येईल ते ग्रेस यांचे किती आणि आपले किती, हा प्रश्न... पण त्याला स्वतंत्र भाषणच हवे. सूचनेचा दिवा लागला आहे.

तेव्हा पहिलीच गोष्ट शेवटी पुन्हा सांगतो: पुस्तक अर्धेच लिहिलेले असते, उरलेले अर्धे आपल्याला लिहावयाचे असते. ज्यांच्या घरी मुले आहेत त्यांना माझी हात जोडून विनंती आहे. आज रात्री मुलाला गोष्ट वाचून दाखवाल, तेव्हा तात्पर्य विचारू नका. गोष्टीत जे सांगितलेले नाही त्यातले काहीतरी विचारा, त्या म्हातारीचे घर कसे होते, राजपुत्र परत निघाला तेव्हा पाऊस होता की ऊन. आणि मूल जे उत्तर देईल ते दुरुस्त न करता ऐकून घ्या.